आधी उघडा

२१ फेब्रुवारी

सुटले!

म्हणजे सुटले नाही. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना वकीलबाईंनी दोनदा बजावलं, "जामीन झालाय, ताई. सुटका नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत." असू देत वेगळ्या. आत्ता माझ्या उशीवर माझं डोकं आहे आणि दाराची कडी आतल्या बाजूने आहे. आणखी काय हवं?

कोठडीत घालताना पायजम्याची नाडी काढून घेतात. कुणी गळ्याला लावून घेऊ नये म्हणून. म्हणजे आत होते तेवढा सगळा वेळ मी एका मुठीत पायजमा धरून काढला. पाणी प्यायचं ते एका हाताने. साहेबांसमोर उभं राहायचं ते एका हाताने. पन्नाशीच्या बाईची अब्रू अशी मुठीत! हे सांगून धाकट्याला हसवायला गेले, तर भाऊ माझा हसेचना. ताट बाजूला सारून विचारत बसला — आत पांघरूण देतात का? फरशी गार असते का? पायांना गारठा लागतो का? म्हटलं, तुला कशाला हव्यात चौकशा? म्हणाला, असंच.

नाडी परत मिळाली. घरी आल्यावर आधी ती ओवली.

२२ फेब्रुवारी

दुपारपर्यंत झोपले. आता डोकं ठिकाणावर आहे, तर झालं काय ते एकदा सरळ लिहिते. पोलिसांपुढे सांगताना पार गाडं घसरलं होतं.

आम्ही लोकांची घरं हलवतो. मी मुकादम. धाकटा माझ्या हाताखाली, शिवाय ट्रकवरची चार माणसं. एकीकडचं घर खोक्यांत भरायचं, दुसरीकडे नेऊन मांडायचं. इतक्या वर्षांत एक कप फुटला नाही. बरं, एक फुटला होता, पण तो आधीच तडकलेला होता.

तर एक गिऱ्हाईक परदेशी गेलेलं. घर नऊ नंबर, किल्ली पहारेकऱ्याकडे, सामान दुसऱ्या गावी नव्या घरात पोचवायचं. आम्ही गेलो. म्हटलं, नऊ नंबरची किल्ली द्या. पहारेकऱ्याने खुंटीवरून काढून दिली. आम्ही घर उघडलं, भरलं, झाडलं, पुसलं, निघालो.

घर चुकलं!

त्या इमारतीला पुढचा भाग आहे आणि मागचा भाग आहे, आणि नऊ नंबर दोन्हींत आहे. आम्ही मागचा उचलला. तिथे एक म्हातारे काका राहतात, एकटेच. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेले होते, त्यांचीही किल्ली पहारेकऱ्याकडेच. डोळ्याला पट्टी, लेकीचा हात धरलेला, असे घरी आले — तर घरात घर नाही! भिंतीत खिळासुद्धा नाही. खिळे आम्ही उपटून पुडीत बांधून देतो, ही आमची पद्धत. चोरांनी घर धुऊन नेलं असं लोक नुसतं म्हणतात. आम्ही खरोखरच धुतलं होतं.

नव्या गावाहून गिऱ्हाइकाच्या नातेवाइकाचा फोन आला, हे सामान कुणाचं? तेव्हा कळलं. दुसऱ्याच दिवशी सगळं जसंच्या तसं परत नेऊन पोचवलं. पण काकांच्या बायकोचे दागिने सापडत नाहीत. साखळी, दोन कडी, एक अंगठी. ती बाई आता हयात नाही, म्हणजे ते नुसते दागिने नव्हेत, हे मलाही कळतं. आणि पहारेकरी म्हणतो, मी किल्ली दिलीच नाही! झालं. मी चोर.

२८ फेब्रुवारी

वकीलबाईंचं ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली आणि खोलीभर फायली. खुर्चीत फायली, खिडकीत फायली. माझे हात शिवशिवत होते. अर्ध्या दिवसात भरून, वर नावं घालून, भिंतीला लावून दिलं असतं सगळं. बाई माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. तोंडात सारखी पेपरमिंटची गोळी.

म्हणाल्या, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण चढावी लागलीच, तर पुढची पायरी कुठली ते माहीत असावं." आणि टेबलावर गोळ्या ओळीने मांडल्या. ही तपासाची, तो चालू आहे. ही आरोपपत्राची, म्हणजे पोलीस काय काय म्हणतात ते सगळं लिहून देतात. ही आरोप ठेवण्याची — न्यायाधीश वाचून दाखवणार आणि विचारणार, कबूल की नाकबूल. ही साक्षीदारांची, आणि त्यांना उलट प्रश्न मी विचारणार. ही तुमची. साक्षी संपल्या की न्यायाधीश तुम्हाला विचारतील, यावर तुमचं काय म्हणणं? मग आम्ही दोघे वकील भांडणार. आणि शेवटची निकालाची. "मधे तारखा पडतील. तारीख पडली म्हणजे काही वाईट घडलं, असं धरायचं नाही."

मग म्हणाल्या, "आणि सिद्ध त्यांनी करायचं. तुम्ही नाही."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. म्हटलं, म्हणजे मी चोर नाही हे मी दाखवायचं नाही? "नाही. तुम्ही चोर आहात हे त्यांनी दाखवायचं. आणि सामान नेलं एवढं दाखवून भागत नाही. लबाडीने नेलं हे दाखवावं लागतं. चुकून नेलेलं घर म्हणजे चोरी नव्हे."

हुश्श! हे कुणी मला कोठडीत सांगितलं असतं तर मी पायजमा एका हाताने धरूनसुद्धा ताठ उभी राहिले असते.

पण मग त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "झोपायच्या खोलीतलं कपाट कुणी भरलं?"

मी म्हटलं, मी.

पोलिसांनाही हेच सांगितलं होतं. दुसऱ्यांदा बोलायला सोपं जातं.

१ मार्च

ते कपाट धाकट्याने भरलं. स्वयंपाकघर माझं आणि झोपायची खोली त्याची, ही आमची वाटणी कायमची. दुपारभर तो त्या खोलीत एकटा होता.

मी काही म्हणत नाही. कागदालाही म्हणत नाही. एवढंच, की झेरॉक्सच्या दुकानातली ती मुलगी त्याला आवडते आणि महिनाभर तो सराफाच्या काचेपुढे घुटमळताना मी पाहिलाय. आई गेली तेव्हा हा शाळेत होता. मीच वाढवला त्याला. मग जे काही असेल ते माझंच.

१० मार्च

ठाण्यावर हजेरी. जामिनाची अट आहे, दर सोमवारी जाऊन सही करायची. शिवाय गाव सोडायचं नाही, साक्षीदारांशी बोलायचं नाही. शिपाई म्हणाला, बसा, चहा घ्या. आत असतानाही हाच चहा मिळायचा. आज गोड लागला!

२ एप्रिल

एक काम हातचं गेलं. फोनवर त्या घरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्याबद्दल ऐकलं हो. तुम्ही समजून घ्याल." घेतलं समजून. कपाटं, उशा, अंथरुणाखाली ठेवलेल्या वस्तू, सगळं लोक आमच्या हाती देतात. हातावर डाग पडला की संपलं. चिडचिड झाली, गोदाम झाडून काढलं. दोनदा.

१६ एप्रिल

वकीलबाई सामानाचे फोटो घेऊन बसल्या होत्या. पोलिसांनी खोकी उघडायच्या आधी काढलेले. एका खोक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काय? 'आधी उघडा'?"

सांगितलं. प्रत्येक घराला आम्ही असं एक खोकं करतो. ट्रकमध्ये सगळ्यांत शेवटी चढवायचं, सगळ्यांत आधी उतरवायचं. त्यात दोन कप, साबण, टॉवेल, एक बल्ब, चादर, औषधं. नव्या जागी पहिल्या दिवशी माणूस बावरलेलं असतं. कुठे काय आहे ते कळत नाही. त्याला जे लागणार, ते त्याच्या हाताशी पाहिजे. हे मला कुणी शिकवलं नाही. आणि माझ्याकडून फक्त धाकटा शिकला, बाकीचे नुसतं कोंबतात.

काकांच्या त्या खोक्यात मी जुन्या चष्म्याची डबीसुद्धा घातली होती.

बाई गोळी चघळायच्या थांबल्या. म्हणाल्या, "चोराने चष्मा हाताशी ठेवून दिला. हे मला फार आवडलं." मलाही बरं वाटलं. कुणी काम ओळखलं की बरं वाटतंच.

९ जून

आरोपपत्र आलं. गठ्ठा चांगला वीतभर जाड, पण बाई पानं उलटता उलटता हसायला लागल्या. घरफोडी गेली! कुलूप तुटलेलं नाही, दार खरवडलेलं नाही. पोलिसांनी स्वतःच ते कलम काढून टाकलंय. उरली फक्त चोरी, तीही दागिन्यांची. "ओझं अर्धं झालं," बाई म्हणाल्या.

अर्धं झालं खरं. पण उरलं ते नेमकं धाकट्याच्या खोलीतलं.

२३ जून

धाकट्याने नवं ब्लँकेट आणलं. जाड. आणि लोकरी मोजे! या उकाड्यात! म्हटलं, कुणाला हे? म्हणाला, सेलमध्ये होतं. माझ्या नजरेला नजर देत नाही. आणि त्या मुलीला म्हणे सांगितलंय, लग्नाचं वर्षभर बोलू नकोस. कारण विचारलं तर उठून गेला.

काय समजायचं ते मी समजले.

३ ऑगस्ट

सरकारी वकिलांनी बाईंच्या कानावर घातलंय — गुन्हा कबूल केला तर शिक्षा हलकी होईल. सामान परत गेलंय, वय आहे, आधीचं काही नाही. कदाचित आत जावंही लागणार नाही.

मी म्हटलं, करू या. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "केलंत का तुम्ही?" मी टेबलावरच्या फायली सरळ करायला लागले. "ताई, केलं असेल तर या वाटेचा विचार करू, ती वाट त्यासाठीच आहे. केलं नसेल तर न केलेलं कबूल करायचं नाही. तो डाग मग धुवून निघत नाही. कुणाला वाचवताय?"

कुणालाच नाही, म्हटलं. पण घरी येईपर्यंत ठरवून टाकलं. मी हो म्हणणार. म्हणजे कपाट कुणी भरलं हे पुन्हा कुणी विचारणार नाही.

५ ऑगस्ट

करायला गेले एक!

उभी राहिले. न्यायाधीश म्हणजे एक वयस्कर बाई, आवाज मऊ. वाचायला लागल्या. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, "लबाडीच्या हेतूने" —

लबाडी? मी? घराघराचे खिळे पुडीत बांधून परत देणारी मी लबाड? डोक्यात अशी तिडीक गेली, की "कबूल आहे का?" म्हटल्याबरोबर तोंडातून निघालंच — "मुळीच नाही! माझ्या हातून आजवर कुणाची सुई गेली नाही!" न्यायाधीश म्हणाल्या, "फक्त कबूल की नाकबूल एवढं सांगा." नाकबूल, म्हटलं. जोरात.

मागे वळून पाहिलं तर धाकटा बाकावरून अर्धा उठलेला. हाताने पुढचा बाक घट्ट धरलेला, चेहरा पांढराफटक. मी नाकबूल म्हटल्यावर हळूच खाली बसला.

वकीलबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "असंच चिडत जा अधूनमधून." खरं सांगायचं तर फार मोकळं वाटतंय. खोटं बोलायचं होतं ते जमलं नाही, त्याचं मोकळं वाटतंय. धाकट्याचं काय होईल याचा घोर आहेच.

१९ सप्टेंबर

तारीख पडली. न्यायाधीश रजेवर. वाईट काही घडलेलं नाही!

१४ नोव्हेंबर

पहारेकऱ्याची साक्ष. नवा शर्ट घालून आला होता. ताडताड बोलला, मी कुणाला किल्ली दिली नाही, मला विचारल्याशिवाय चिमणी आत जात नाही.

मग आमच्या बाई उठल्या. मला वाटलं आता ओरडतील. छे! अगदी गोडीत. "दादा, किल्ल्या कुठे टांगता?" फळीवर. "पुढच्या नऊची आणि मागच्या नऊची कुठे असते?" शेजारीशेजारी. "कुलूप तर फुटलेलं नव्हतं. मग दार उघडलं कसं?" दादांना घाम. "आणि ट्रक दिवसभर फाटकात उभा होता. तुम्ही विचारलं नाही, कुणाचं सामान?" बराच वेळ शर्टाचं बटण चाचपत राहिला. मग म्हणाला, "दिली असेल. घाईत होतो. नोकरी जाईल म्हणून नाही म्हटलं."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याने चुकीची खुंटी बघितली, मी दारावरची पाटी बघितली नाही. मला हलकं वाटलं आणि त्यालाही वाटलं असावं, कारण जाताना त्याने मला हात जोडले.

२२ जानेवारी

आज काकांची साक्ष! कुठून सुरुवात करू?

डोळे आता चांगले दिसतात त्यांना. उंच, वाळके, स्वेटरची बटणं एक घर चुकलेली. लेक पुढच्या बाकावर, ओठ घट्ट मिटून. तक्रार तिनेच लिहिली होती, काकांनी पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी सही केली होती. सरकारी वकिलांनी विचारलं, दागिने कुठे होते? काका म्हणाले, "तक्रारीत आहे तिथे." म्हणजे कपाटात? "तक्रारीत तसं आहे."

आमच्या बाई उठल्या. आधी घर कसं होतं ते विचारलं. काका म्हणाले, "रिकामं होतं, पण फार स्वच्छ होतं हो. मी राहताना कधी एवढं नव्हतं." कुणीतरी हसलं. मग बाईंनी विचारलं, कपाटाच्या कुठल्या कप्प्यात होते दागिने? वरच्या की खालच्या?

काका चुळबुळले. लेकीकडे पाहिलं. मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "खरं सांगू का? कपाटात नव्हतेच. फ्रीजरमध्ये होते. मटारच्या पिशवीत."

"बाबा!" लेक ओरडली. "तुम्ही मला सांगितलं होतं, बँकेत ठेवले म्हणून! मग म्हणालात, परत आणून घरात ठेवले —"

"घरातच होते की! तूच कपाट लिहिलंस. बँकेत ठेवले तर तिला मी बघायला कसा जाणार, रांगेत उभा राहून? चोर मटार उचकत नाही, म्हणून तिथे ठेवले. आणि नेताना फ्रीजही नेला, कपाटही नेलं. मग कुठे होते त्याने काय फरक पडतो?"

मी उडालेच! "मटार!" म्हणून एवढ्या जोरात ओरडले, की न्यायाधीशांनी हात वर करून मला थांबवलं. बाईंचा झगा ओढून सांगितलं — फ्रीज भरलेला कधीच नेत नाहीत. पाणी गळतं, वास धरतो. आधी रिकामा करायचा, पुसायचा, दार बांधायचं. आतलं नाशवंत शेजाऱ्यांना देऊन टाकायचं. हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. फ्रीजरमधल्या पिशव्या मी माझ्या हाताने समोरच्या दारातल्या काकूंना दिल्या होत्या!

"हे आधी का नाही सांगितलंत?" बाई दातओठ खात म्हणाल्या.

"मटारचं कुणी विचारलं मला?"

बाईंनी तिथल्या तिथे अर्ज केला. न्यायाधीशांनी पोलिसांना धाडलं, काकांची लेक आणि दोन्हीकडचे वकील बरोबर. मला जायची परवानगी नाही. जेवणाच्या सुट्टीभर बाकावर बसून राहिले. धाकटा शेजारी. काका फ्रीजर म्हणाले तेव्हापासून तो माझ्याकडे टक लावून बघत होता. वर्षभर नजर चुकवणारा पोरगा! म्हटलं, काय बघतोस? म्हणाला, काही नाही. आणि मग हसला. किती दिवसांनी!

दुपारी सगळे परत आले आणि शिपायाच्या हातात पिशवी होती. समोरच्या काकूंना मटार आवडत नाहीत. पण टाकायचे जिवावर आलं. शिवाय काका न सांगता घर सोडून चालले म्हणून त्यांना रागही आला होता, म्हणून रागाने पिशवी फ्रीजरच्या तळाशी कोंबून ठेवली. काका परत आले, रोज समोरासमोर चहा व्हायला लागला, चोरीच्या गप्पा झाल्या, आणि मटार तिथेच! काखेत कळसा नि गावाला वळसा. बर्फ सुटल्यावर आधी कडी दिसली. मग साखळी. अंगठी एका मटाराला चिकटून बसली होती, ती काकांनी स्वतः सोडवली.

काका रडले. लेक रडली. त्यांच्यावर आधी ओरडली, मग रडली. मी नाही रडले, मी शिपायाला विचारून पाणी प्यायले. दोन्ही हातांनी.

२३ जानेवारी

धाकट्याने घेतले नाहीत. हे एकदा लिहून बघावंसं वाटलं. धाकट्याने घेतले नाहीत!

सकाळी उठल्याबरोबर त्याला पोटभर खायला केलं. का ते त्याला कळलं नाही. कळू नये.

३० जानेवारी

वकीलबाईंना खरं सांगितलं. झोपायची खोली माझी नव्हती, मी खोटं बोलले. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. फोटोंत स्वयंपाकघराच्या खोक्यांवर तुमचं अक्षर आहे आणि झोपायच्या खोलीच्या खोक्यांवर दुसऱ्या कुणाचं. पण वकिलाशी खोटं बोलणं हा मूर्खपणा आहे, ताई. पायरी दिसत नसताना माणसाला हाताला धरून चढवायचं असतं मला." ऐकून घेतलं. माझं चुकलंच. माझ्या माहितीतल्या साध्या गोष्टी मी धड सांगितल्या असत्या, तर फ्रीजची आठवण कदाचित आधीच निघाली असती.

११ फेब्रुवारी

आज माझी पायरी. न्यायाधीशांनी विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? मी म्हटलं, घर चुकलं. कपाट माझ्या भावाने भरलं, पोलिसांना मी माझं नाव सांगितलं, तेही चुकलं. पाटी वाचायला हवी होती, ती वाचली नाही. बाकी काही म्हणणं नाही.

३ मार्च

निर्दोष!

न्यायाधीशांनी वाचलं ते सगळं समजलं नाही, पण "हेतू" हा शब्द आला आणि "सिद्ध झालेला नाही" हे आलं, आणि मग "मुक्त" आलं. यावेळी बाई म्हणाल्या, "ही सुटका. आता म्हणा!" मी म्हटलं, सुटले! कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी राहून म्हटलं. एक अनोळखी म्हातारा थांबून माझं अभिनंदन करून गेला.

सोमवारची हजेरी नाही. गाव सोडता येतं. कुठे जायचं नाही, पण जाता येतं.

खाली काका उभे होते. आज बटणं बरोबर लावलेली. म्हणाले, "मी लेकीकडे राहायला जातोय, पुढच्या आठवड्यात. सामान तुम्हीच न्या." मी लिहून घ्यायला वही काढली. म्हणाले, "नऊ नंबर. मागचा." आणि स्वतःच खो खो हसले.

९ मार्च

काकांच्या कामासाठी माळ्यावर जुनी गोणपाटं शोधत होते. मागे एक खोकं मिळालं. चारही कडांना टेप, वर धाकट्याच्या अक्षरात — आधी उघडा. उघडलं. ब्लँकेट. लोकरी मोजे. ब्रश, साबण. दोन पायजमे, नाड्या काढून वेड्यावाकड्या टाक्यांनी इलॅस्टिक घातलेलं. माप त्याचं.

विचारलं. मान खाली घालून म्हणाला, "कपाट मीच भरलं असं तू पोलिसांना सांगितलंस, तेव्हा मला वाटलं, तूच घेतलेस, ताई. माझ्या लग्नासाठी. तू कबूल म्हटलं असतंस तर मी उठून सांगणार होतो, मी घेतले म्हणून."

गाढव! म्हटलं, आणि सुई घेऊन ते वेडेवाकडे टाके उसवायला बसले.